वजनाचं ऑपरेशन: आधीचे तीन महिने आणि नंतरचं सगळं आयुष्य

माझं ऑपरेशन झालंय हे कळलं की ओळखीपाळखीतून फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलो उतरलं?" दुसरा, "खर्च किती आला?" इतक्या वर्षांत फक्त एका बाईंनी विचारलं, "आता तुम्ही जेवता काय, आणि घरचे काय म्हणतात?" त्यांच्याशी मी दीड तास बोलले. तेच बोलणं इथे जरा नीट लावून लिहिते आहे.

माझे आकडे आधी सांगते. उंची १५८ सेंटिमीटर, ऑपरेशनच्या वेळी वय ४१, वजन ११८ किलो. मधुमेहाला नऊ वर्षं झाली होती, दिवसातून दोनदा इन्सुलिन चालू होतं, आणि रात्री असं घोरायचे की धाकटी मुलगी घाबरून उठवायची. २०१९ साली पुण्यात गॅस्ट्रिक बायपास झाला, म्हणजे जठर लहान करून वजन उतरवायचं ऑपरेशन. घरात 'बायपास' हा शब्द ऐकून सासूबाईंना हृदयाचं ऑपरेशन वाटलं होतं. त्यांना समजावण्यातच दोन दिवस गेले. दुसऱ्या वर्षी वजन ७७ पर्यंत उतरलं, आज ८३ आहे. म्हणजे सहा किलो परत आले. हे मी आधीच सांगते, कारण परत आलेले किलो लोक लपवतात आणि मग नवीन माणसाला वाटतं की ते फक्त आपल्याच बाबतीत घडतंय.

मी डॉक्टर नाही. औषधं आणि ऑपरेशन यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा. पण एक गोष्ट मी अनुभवातून ठाम सांगते: जे ऑपरेशनच्या आधी तीन महिन्यांत अंगवळणी पडत नाही, ते नंतर आपोआप पडत नाही. म्हणून तारीख ठरवायच्या आधी तालीम करा. ती कशी करायची ते पुढे येईलच.

पहिल्यांदा आकडा

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा. तो काढणं सोपं आहे. किलोतलं वजन घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. माझं ११८ भागिले १.५८, पुन्हा भागिले १.५८, म्हणजे ४७ च्या थोडं वर.

१९९१ साली अमेरिकेत ठरलेला ऑपरेशनचा जुना निकष ४० च्या वरचा होता, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, बीपीसारखा आजार. भारतातले सर्जन हा आकडा आपल्यासाठी खाली आणतात. आजार नसला तरी ३५ च्या वर, आणि ताब्यात न येणारा मधुमेह किंवा तसे आजार असतील तर ३० च्या वर ऑपरेशनचा विचार होतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असं म्हटलं आहे.

असं का, हे समजायला पुण्याचंच उदाहरण आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के. तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी, आणि ती चरबी बहुतेक पोटात. "मी काही तेवढी जाड नाही" असं म्हणणाऱ्या बाईची शुगर म्हणूनच तीनशेवर असू शकते.

विम्याचे निकष मात्र अजून जुन्या आकड्यांवर आहेत. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. किंवा ३५ च्या वर असेल तर सोबत ताब्यात नसलेला टाइप २ मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, हृदयाच्या धमन्यांचा आजार किंवा स्थूलपणामुळे झालेला हृदयस्नायूचा आजार हवा, आणि आधीचे साधे उपाय करून झालेले हवेत. पॉलिसीत प्रतीक्षा काळही असतो. म्हणून आहारतज्ज्ञाच्या जुन्या फायली, जुने वजनाचे कागद, जुनी प्रिस्क्रिप्शन्स टाकून देऊ नका. कॅशलेस मंजुरीच्या वेळी हीच कामाला येतात. मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय ॲडमिट होऊ नका.

इंजेक्शन की ऑपरेशन?

२०१९ साली हा प्रश्नच नव्हता, आज आहे. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या डोसने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के, आणि टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने सुमारे २१ टक्के वजन उतरल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. ऑपरेशनने वर्षा-दोन वर्षांत साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणजे दर महिन्याचा खर्च कायमचा धरायचा.

माझं मत असं. बीएमआय ३१-३२ असेल, मधुमेह नवा असेल, तर आधी चांगल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन आणि मधुमेहाच्या तज्ज्ञाकडे, जाऊन औषधांचा नीट प्रयत्न करा. बीएमआय ४५ असेल, गुडघे गेलेले असतील, रात्री श्वास अडकत असेल, तर केवळ भीतीपोटी चार-पाच वर्षं घालवू नका. मी घालवली. त्या काळात डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला आणि तो ऑपरेशननंतरही भरून आला नाही.

बाहेरच्या जाहिरातीतला फुगा, म्हणजे पोटात ठेवायचा बलून, हा तात्पुरता उपाय आहे. काही महिन्यांनी तो निघतो आणि वजन पुष्कळदा मागे येतं.

स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास

ही सगळी ऑपरेशन्स दुर्बिणीतून होतात.

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेला भाग परत बसत नाही. आतड्याला हात लागत नाही, त्यामुळे जीवनसत्त्वांची ओढाताण तुलनेने कमी. पण ॲसिडिटी आणि छातीतली जळजळ वाढू शकते, काहींना ती नव्याने सुरू होते. ज्यांना आधीपासून रात्री आंबट पाणी घशाशी येतं, त्यांनी हे सर्जनला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी करतात आणि लहान आतडं तिला थेट जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. शुगरवर याचा परिणाम झपाट्याने दिसतो. मला चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा इन्सुलिन बंद होतं. बदल्यात गोड खाल्लं की त्रास होतो, जोडणीच्या जागी अल्सर होऊ शकतो, आणि लोह, बी-१२, कॅल्शियम यांचं शोषण कायमचं कमी होतं. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोडणी असते. भारतात तो बराच होतो. त्यात जीवनसत्त्वांकडे लक्ष आणखी जास्त द्यावं लागतं आणि पित्त उलटं येण्याची शक्यता असते.

मधुमेहाबद्दल खोटी आशा ठेवू नका. २०१७ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. ज्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली आली असे बायपासवाले २९ टक्के, स्लीव्हवाले २३ टक्के आणि नुसत्या औषधांवरचे ५ टक्के. फरक मोठा आहे, तरीही शंभरातल्या सत्तरांचं ते उद्दिष्ट साधलं नाही. मधुमेह जितका जुना, तितकं तो पूर्ण मागे हटणं अवघड. मी आज एका गोळीवर आहे आणि त्यात समाधानी आहे.

सर्जनकडे जाताना

वहीत लिहून न्या. वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता? माझ्यासाठी हाच प्रकार का? रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलेल? टीममध्ये आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ आहेत का? पॅकेजमध्ये काय धरलंय, आणि गुंतागुंत होऊन पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर पैसे वेगळे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: पाच वर्षांपूर्वीचे तुमचे किती पेशंट अजून तपासणीला येतात? या प्रश्नावर जो डॉक्टर थांबून विचार करतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. पहिल्या भेटीतच 'या महिन्यात ऑफर आहे' असं सांगणाऱ्या ठिकाणाहून मी उठून आले होते.

खाजगीत साधारण अडीच ते पाच लाख लागतात, शहर आणि रुग्णालयाप्रमाणे कमीजास्त. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतही चौकशी करा. त्यावर आयुष्यभराच्या गोळ्या, दरवर्षीचे रक्ततपास आणि पहिल्या काही महिन्यांची प्रोटीन पावडर हा खर्च वेगळा धरा. हा हिशोब कुणीच आधी मांडून देत नाही.

तीन महिन्यांची तालीम

आता मूळ मुद्दा. तारीख पक्की करण्याआधी घरीच हे करून पाहा.

पाणी आणि जेवण वेगळं करा. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास घोटभरही पाणी नाही. ताटाजवळ तांब्या-भांडं ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड आहे. मी पहिले दहा दिवस रोज चुकले. शेवटी तांब्याच ओट्यावरून उचलून बाहेरच्या खोलीत ठेवला.

एक वाटी अन्न वीस मिनिटांत खा. लहान चमचा, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून, मोबाइल आणि टीव्ही बंद. सकाळी नऊची एसटी गाठायची असेल तर त्या वीस मिनिटांसाठी लवकर उठावं लागतं, आणि हे ऑपरेशननंतर बदलत नाही.

प्रोटीन मोजा. ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतं. आपल्याला वाटतं की आपण डाळ खातो म्हणजे झालं. पण आपल्या नेहमीच्या पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅमच असतं, घट्ट डाळीत सहा-सात. एका अंड्यात सहा, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर फुटाण्यांत सहा, शंभर ग्रॅम माशात वीसच्या आसपास. आठवडाभर वहीत लिहा. माझी बेरीज ३४ आली होती, तीही पोळ्या धरून. शाकाहारी घरात तर डाळ, पनीर, सोयाबीन, दही यांची मोजणी स्वयंपाक करणाऱ्या माणसालाच शिकावी लागते. तो माणूस तुम्ही नसाल तर त्याला आहारतज्ज्ञाकडे सोबत न्या.

तंबाखू सोडा. सिगारेट आणि गुटख्याबद्दल सगळे बोलतात, मशेरीबद्दल कुणी विचारत नाही आणि बायका सांगत नाहीत. आमच्या सातारा भागात सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं मानणाऱ्या कितीतरी बायका आहेत. तीही तंबाखूच. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, बायपासनंतर अल्सरचा धोका वाढतो, भूल देतानाही अडचण येते. निदान सहा आठवडे आधी बंद, आणि परत सुरू करायची नाही. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

पोटाची भूक आणि मनाची भूक वेगळी ओळखा. माझी भूक संध्याकाळी सहाला लागायची, शाळेतल्या कामावरून आल्यावर घरात कुणी नसताना. फरसाणाचा डबा आणि मी. ऑपरेशन जठर लहान करतं, ती संध्याकाळची सहाची वेळ तशीच राहते. समुपदेशकाकडे मी चार वेळा गेले. त्यांच्याकडे जाणं म्हणजे डोकं फिरलंय असं नव्हे. उलट नंतरच्या काळात मला सर्वांत जास्त उपयोग त्या चार भेटींचा झाला.

गोळ्या रोज घेऊन पाहा. डॉक्टरांना विचारून एखादी मल्टिव्हिटॅमिन सुरू करा आणि ९० दिवसांत किती चुकल्या ते मोजा. वीस चुकल्या असतील तर आधी हे दुरुस्त करा.

या काळात तपासण्याही होतात: रक्त, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदयाची तपासणी, आणि घोरत असाल तर झोपेची तपासणी. आपल्याकडे बी-१२ आणि ड पुष्कळांचं आधीच कमी असतं. ते भरून काढूनच टेबलावर जा. शेवटचे दोन आठवडे कमी पिष्टाचा, जास्त प्रोटीनचा आहार देतात, कारण यकृतावरची चरबी उतरली की सर्जनला जागा मिळते. त्या पंधरा दिवसांत निरोपाचं जेवण म्हणून हॉटेलात जाऊ नका. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. भूलतज्ज्ञाला सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा.

ऑपरेशनचे दिवस

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण या दिवसांत बहुतेक काम इतर लोक करतात. त्याच संध्याकाळी चालायला लावतात. दुखतं, तरी चाला, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पुण्याहून कऱ्हाडला येताना आम्ही तासा-तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं फिरत होतो.

अनुभवी हातात या ऑपरेशनमध्ये जीव जाण्याचा धोका हजारात एखादा, पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनइतकाच समजतात. तरी टाक्यांच्या रेषेतून गळती होऊ शकते. नाडी १२० च्या वर जात राहणं, ताप, श्वास लागणं, डाव्या खांद्यात दुखणं, पोटात वाढती कळ, यांतलं काहीही झालं तर 'गॅस असेल' म्हणत ओवा खाऊन थांबू नका. सर्जनला फोन करून लगेच निघा. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तरी तेच.

पहिले दोन महिने काय खायचं

डॉक्टरांचा तक्ता असतोच, तो पाळा. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत तो साधारण असा होतो.

पहिले एक-दोन दिवस नुसतं पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप. घोट म्हणजे औषधाच्या छोट्या टोपणाएवढा. मग दोन आठवडे पातळ पदार्थ: गाळलेलं मुगाचं कढण, कुळथाचं पातळ कढण, ताक, साय काढलेलं दूध, चिकन सूप, पाण्यात किंवा दुधात प्रोटीन पावडर. फोडणीतली मोहरी, कढीपत्ता, मिरचीचा तुकडा असं काही तोंडात येता कामा नये. सासूबाईंनी पहिल्या दिवशी प्रेमाने सार केलं आणि त्यात जिऱ्याचे दाणे राहिले. तेवढ्यानेही मला उमासे आले.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं घट्ट वरण, मऊ पिठलं, दही, मिक्सरमधून काढलेलं पनीर. पाचव्या-सहाव्यात मऊ भुर्जी, वाफवलेला मासा. ओला बोंबील असेल तर रश्श्यात शिजवलेला, तळलेला नाही. मग हळूहळू बाकीचं. पोळी आणि पाव चिकट गोळा होऊन अडकतात. भाकरी बारीक कुस्करून ताकात भिजवली तर मला आधी जमली. भात पटकन पोट भरतो आणि प्रोटीन देत नाही, म्हणून तो सगळ्यांत शेवटी. ताटातला क्रमच बदलतो: आधी डाळ-पनीर-अंडं-मासा, मग भाजी, जागा उरली तर भाकरी.

अन्न अडकलं की छातीत दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडात लाळ सुटते. पाणी पिऊन ते खाली जात नाही, उलट वाढतं. उभं राहा, चाला, थांबा. हे वरचेवर होत असेल तर तुम्ही घाई करताय किंवा जोडणी आखडली आहे. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांकडे जावं लागतं.

आणि एक गोष्ट घरच्यांनी पाठ करावी. सतत उलट्या होत असतील, दोन-तीन दिवस काहीच पोटात राहत नसेल, तर थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं. नजर दुहेरी होणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही मेंदूला इजा होत असल्याची चिन्हं आहेत. गावातल्या दवाखान्यात अशा पेशंटला अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावतात. त्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला हवं. "हिचं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या," हे वाक्य माझ्या नवऱ्याला तोंडपाठ आहे.

गोळ्या: काही कमी होतात, काही जन्मभर

शुगर आणि बीपी खाली येतात, म्हणून जुने डोस तसेच चालू ठेवणं धोक्याचं आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी शुगर एकदम उतरू शकते. घरी ग्लुकोमीटर ठेवा, पहिल्या महिन्यात रोज मोजा आणि डॉक्टरांना आकडे कळवा.

जन्मभराच्या गोळ्यांत मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड, कॅल्शियम आणि लोह येतं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, तेही दोन-तीन वेळा विभागून. मेडिकलमध्ये मागताना 'सायट्रेट' असं स्पष्ट म्हणा, कारण नुसतं कॅल्शियम म्हटलं की बहुधा कार्बोनेट हातात येतं आणि जठर लहान झाल्यावर ते नीट शोषलं जात नाही. पाळी चालू असलेल्या बायकांना लोह जास्त लागतं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नाही. मी लोह रात्री झोपताना घेते. बी-१२ चं इंजेक्शन महिन्याला एकदा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी.

बायपासनंतर दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांचे भाऊबंद, टाळायच्याच. गुडघेदुखीवर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी आणायची सवय इथे महागात पडते. मला एकदा एका दवाखान्यात कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देऊ केलं होतं, मी विचारलं म्हणून वाचले. पॅरासिटामॉल चालतं.

वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. त्यासाठी पहिले सहा महिने गोळी देतात, ती मध्येच सोडू नका.

सण, उपवास आणि आग्रह

आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. ऑपरेशननंतर पहिल्याच दिवाळीत मी जावेच्या आग्रहाने अर्धी वाटी बासुंदी घेतली. वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात कळ, आणि अर्धा तास आतल्या खोलीत आडवी. साखर आतड्यात एकदम उतरली की असं होतं. काहींना दोन-तीन तासांनी शुगर एकदम उतरून हातपाय थरथरतात. जाऊ रडायला लागली. तेव्हापासून मी आधीच सांगते, "मला वाढू नका, मी घेते." लग्नात मी पंगतीला बसत नाही, बुफेत लहान वाटी घेऊन उभी राहते. कुणाला ऑपरेशन सांगायचं हा तुमचा प्रश्न आहे. पण जो ताट वाढतो त्या माणसाला तरी सांगा.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, केळी: सगळं पिष्ट आणि साखर, प्रोटीन जवळपास शून्य. निर्जळी उपवास तर नकोच, कारण आपण एकदम तांब्याभर पाणी पिऊन कमतरता भरून काढू शकत नाही. मी एकादशीला दूध, दही, पनीर आणि थोडे शेंगदाणे घेते. सासूबाई म्हणाल्या, "देवाला काय, तू औषध म्हणून खातेस." त्यांचं हे वाक्य मला कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

दारूबद्दल पुरुष वाचकांना, आणि बायकांनाही, सरळ सांगते. ऑपरेशननंतर ती पटकन आणि जास्त चढते. जेवणाचं सुख कमी झाल्यावर काहीजण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात तिच्या आहारी जातात. आधीच पिण्याची सवय असेल तर हे समुपदेशकाशी आधी बोला.

शरीर, आरसा, आणि मूल

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. फणीत गुच्छ आला तेव्हा मी घाबरले होते. प्रोटीन आणि लोह नीट असेल तर ते परत येतात. कातडी लोंबते, दंड आणि पोटाची विशेषतः. चालण्याबरोबर वजनं उचलण्याचा व्यायाम केला तर स्नायू टिकतात, कातडी मात्र पूर्ण आखडत नाही. हिवाळ्यात थंडी जास्त वाजते.

लोक चेहऱ्याकडे बघून "किती उतरलीस, आजारी आहेस का?" म्हणतात. आणि काही जवळची नाती बदलतात. माझ्या एका मैत्रिणीला माझं बारीक होणं सहन झालं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायचं. पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजांडकोशाचा आजार, असलेल्या मुलींना लक्षात ठेवायला हवं की वजन उतरताना पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दुसरा उपाय आधीच ठरवा. गरोदरपणात साखरेचं पाणी पाजून करायची मधुमेहाची तपासणी बायपासवाल्यांनी टाळायची असते. डॉक्टर घरच्या शुगरच्या नोंदींवरून बघतात.

वजन परत येतं तेव्हा

माझे सहा किलो चौथ्या वर्षात आले. जेवण वाढलं नव्हतं, तर दोन जेवणांमधलं चरणं वाढलं होतं: चहाबरोबर बिस्कीट, मुलीच्या डब्यातलं उरलेलं, दाण्याची चिक्की. मऊ आणि गोड पदार्थ लहान पोटातूनही सरकन उतरतात. मी परत वही काढली, आहारतज्ज्ञाकडे गेले, आणि वाढ तिथेच थांबली. काहींना या टप्प्यावर औषधं दिली जातात, काहींच्या बाबतीत दुसरं ऑपरेशनही विचारात घेतात. पाच किलो वाढल्यावर जाणं सोपं असतं. वीस वाढल्यावर लाज वाटते आणि माणूस दवाखान्याचा रस्ताच टाळतो.

तपासणी पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी. त्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फॉलिक ॲसिड, ड, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, यकृत-मूत्रपिंड आणि एचबीए१सी असतात. सर्जन लांब असेल तर यादी घेऊन जवळच्या फिजिशियनकडे करा, पण करा. मी दरवर्षी जूनमध्ये करते, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात.

पर्समध्ये मी एक लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवते. एका बाजूला ऑपरेशनचा प्रकार, तारीख, सर्जनचा फोन. दुसऱ्या बाजूला चार ओळी: दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शन देऊ नये, पॅरासिटामॉल चालेल. उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन. शुगर तपासा. नाकातून नळी घालण्याआधी सर्जनला विचारा. झेरॉक्सच्या दुकानात वीस रुपयांत झालं. एक प्रत नवऱ्याच्या पाकिटात आहे, एक शाळेच्या ऑफिसात.